फवारल्यावर बाराव्या दिवशी मावा दुप्पट का? कापूस, केळी आणि त्यांच्यामधला तिसरा

प्रश्न थोडक्यात असा : यावल तालुक्यात चार एकर कापूस, बांधापलीकडे चुलतभावाची मृगबागेची केळी. पोळ्याच्या सुमाराला कापसाच्या शेंड्यांवर मावा दिसला, म्हणून दोन कीटकनाशकं एकत्र करून फवारली. चार दिवस शेंडे स्वच्छ राहिले. बाराव्या दिवशी मावा पहिल्यापेक्षा जास्त, त्यात काही झाडांवर पिठ्या ढेकूण आणि मुंग्यांच्या रांगा. केळीत इकडेतिकडे हरण्या, म्हणजे पानांवर पट्टे पाडणारा विषाणूचा रोग. मुलीच्या पुस्तकात अन्नसाखळीचा धडा आहे; त्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे का, आणि असेल तर आता करायचं काय?

संबंध आहे, आणि अगदी थेट आहे. पुस्तकात साखळी सरळ काढलेली असते : गवत, नाकतोडा, बेडूक, साप. शेतात ती सरळ नसते. शेतात कुठल्याही दोन जिवांमध्ये काय घडेल, हे बहुतेक वेळा तिसरा कोण आहे यावर ठरतं. तुम्ही कापूस आणि मावा हे दोघं पाहिले. तिसरा होता माव्यावर जगणारा ढालकिडा (लेडीबर्ड). फवारणीत तो गेला, म्हणून बाराव्या दिवशी हे चित्र दिसलं. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत तिसरी आहे मुंगी. आणि केळीच्या हरण्यात तिसरा आहे खुद्द मावाच. एकेक करून पाहू.

आधी बाराव्या दिवसाचं गणित. कापसावरच्या माव्याला आपल्या हवामानात नराची गरज पडत नाही. मादी अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं देते, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिल्लांची तयारी आधीच सुरू झालेली असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धातल्या उबदार, ढगाळ हवेत पिल्लू आठवड्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतं. अडवणारं कुणी नसेल तर संख्या साधारण दोन दिवसांत दुप्पट होते. ढालकिड्याचं तसं नाही. अंडं, अळी, कोष, प्रौढ या फेऱ्याला दोन ते तीन आठवडे लागतात.

आता समजा, एका झाडावर २०० मावा आहे आणि ढालकिड्याच्या ४ अळ्या आहेत. फवारणीने शंभरातले ९५ मेले. मावा उरला १०, अळी एकही नाही. दहाचे वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस, सहाशे चाळीस. सहा वेळा दुप्पट, म्हणजे बरोबर बारा दिवस. औषध बनावट होतं असं समजायचं कारण नाही. औषधाने आपलं काम केलं, फक्त दोन्ही बाजूंवर केलं, आणि ज्याची पिढी लवकर होते तो आधी उभा राहिला. वाचलेला एखादा प्रौढ ढालकिडाही त्या शेतात थांबत नाही, कारण दहा माव्यांवर त्याचं पोट भरत नाही. तो उडून जातो. म्हणजे फवारणीत जे मेले नाहीत तेही उपाशीपोटी निघून गेले.

ही गोष्ट आपल्या कापसापुरती नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी कमी झाली, आणि बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हे का झालं याचं गणित इटलीच्या व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये मांडलं. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की शिकार आणि शिकारी दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारत राहिलं, तर सरासरी शिकारच वाढते आणि शिकारी घटतो. जाळं असो वा फवारणीचा पंप, हिशोब तोच.

पांढऱ्या माशीचंही असंच आहे, किंबहुना जास्तच. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं कापसावर वारंवार पडली की पांढरी माशी उसळते, हे अनेक कापूस पट्ट्यांत दिसलेलं आहे. माशीची पिल्लं पानाच्या मागे चिकटून असतात, तिथे औषध नीट पोचत नाही; पानभर फिरणारे कोळी, ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्या मात्र पहिल्याच फवारणीत जातात. दोन-तीन औषधं एका पंपात घालायची सवय यात भर घालते. पुढच्या वेळी काय चाललं आणि काय नाही, तेही मग कळत नाही.

फवारण्याआधी मोजायचं कसं

चार एकरांसाठी २० झाडं पुरतात. सकाळी नऊच्या आत जा. बांधालगतच्या चार-पाच ओळी सोडून नागमोडी चाला आणि प्रत्येक झाडाची वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं पाहा. एकूण ६० पानं होतात. पानाला हात लावण्याआधी तुडतुडे मोजा, कारण ते तिरके चालत पटकन पळतात. मग पान देठाशी धरून हळूच उलटा आणि पांढरी माशी मोजा. झटका दिला की ती उडते. मावा आणि फुलकिडे शेवटी. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग जवळ ठेवा, फुलकिडे नुसत्या डोळ्यांनी नीट मोजता येत नाहीत.

फवारणीचा विचार कधी करायचा, याच्या सर्वसाधारण मर्यादा अशा : दर पानी तुडतुडे २ ते ३, फुलकिडे १०, पांढरी माशी ८ ते १० प्रौढ, मावा १०. पण आकडा एकदाच घेऊन निर्णय घेऊ नका. माव्याच्या बाबतीत तर मी आकड्यापेक्षा कल जास्त मानतो. आज मोजा, तीन-चार दिवसांनी त्याच भागात पुन्हा मोजा. दर पानी १४ चे ११ झाले असतील तर मर्यादेच्या वर असूनही हात आवरा, कारण शिकारी कामाला लागलेले आहेत. ९ चे १८ झाले आणि शिकारी कुठेच दिसत नसतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

शिकारी ओळखता आले पाहिजेत, आणि नुकसान नेमकं इथेच होतं. लाल-पिवळा, काळ्या ठिपक्यांचा प्रौढ ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र काळसर, लांबट, अंगावर नारिंगी-पिवळे डाग, सहा पायांनी तुरुतुरु चालणारी. चिमुकल्या मगरीसारखी दिसते. ती दिसली की ‘नवीन अळी आली’ म्हणून फवारणी होते. खरं तर आयुष्यात काहीशे मावा खाणारी तीच. तिची अंडी पिवळी, लांबुडकी, पानामागे उभी रचून ठेवल्यासारखी झुबक्याने असतात. क्रायसोपा हा माव्यावर जगणारा आणखी एक किडा; त्याचं अंडं केसासारख्या बारीक देठावर एकटं उभं असतं. अळी तपकिरी, तोंडाला विळ्यासारखे दोन जबडे. सिरफिड माशीची अळी बिनपायाची, हिरवट, गोगलगायीसारखी सरपटणारी. माव्याच्या वसाहतीच्या मधोमध बसून खात असते.

आणि एक खूण जरूर शोधा. माव्यांच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, सोनेरी-तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतात. ते मेलेले आहेत. बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडं घातलं, पिल्लू आतून खात वाढलं आणि वर फक्त टरफल उरलं. टरफलाला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याकडे गेली. भोक नसेल तर ती अजून आत आहे. दहांत दोन-तीन अशी टरफलं दिसली तर मी फवारणी थांबवायला सांगेन. विषाने एका दिवसात जे होतं त्याला इथे आठवडा लागेल, पण त्यानंतर बारावा दिवस येणार नाही.

मुंग्या मारायच्या की ठेवायच्या

मुंगीचं नातं दुहेरी आहे. कापसाचं पान उलटून मधल्या शिरेकडे पाहा. देठापासून थोड्या अंतरावर शिरेवर एक बारीक खळगी दिसेल. ती गोड रसाची ग्रंथी आहे. फुलात रस असतो तो परागीभवनासाठी. इथला पानावरचा रस पहारेकऱ्यांसाठी. कापूस मुंग्यांना, गांधीलमाश्यांना आणि क्रायसोपासारख्या किड्यांच्या प्रौढांना हा रस देतो, आणि ते झाडावर हिंडत असताना अंडी, लहान अळ्या उचलतात. इथवर मुंगी कापसाची सोबतीण.

पण मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितात तेव्हा त्यातली जास्तीची साखर मागून बाहेर टाकतात. आपण ज्याला चिकटा म्हणतो तो हाच. झाडाच्या ग्रंथीपेक्षा हा माल मुबलक. मुंगी बाजू बदलते. ती पिठ्या ढेकणाभोवती पहारा देते, ढालकिड्याच्या अळीला चावून हाकलते, गांधीलमाशीला अंडं घालू देत नाही, आणि काही जातींच्या मुंग्या तर पिल्लांना उचलून नव्या फांदीवरही नेतात. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पानावर ऊन पोचत नाही आणि सरकीच्या बोंडातला कापूसही डागाळतो.

म्हणून शेतभर मुंग्या मारण्यात अर्थ नाही. मुंग्यांची रांग दिसली की ती कुठे चढते ते पाहा; रांग तुम्हाला पिठ्या ढेकणाच्या पहिल्या झाडापर्यंत नेऊन सोडते. शोधायचे कष्ट वाचतात. त्या झाडाचे भरलेले शेंडे जागेवरच प्लास्टिकच्या पिशवीत कापून घ्या, तोंड बांधा आणि शेताबाहेर पुरा. झाड उपटून ओळींतून ओढत आणलं तर पिवळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारी चालती पिल्लं वाटभर सांडतात. वारा, पाटाचं पाणी, मजुरांचे कपडे यांवरूनही ती पसरतात, म्हणून लागलेल्या भागातली कामं दिवसाच्या शेवटी ठेवा. वारूळ बांधावर असेल तर ते कुदळीने उकरून मोडा. डाळिंब, सीताफळ, पेरू अशी झाडं असतील तर खोडाला २०-२५ सेंटिमीटर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल भाजते. आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या आधी छाटा, नाहीतर मुंग्या पट्टी चुकवून तिथून चढतात.

पिठ्या ढेकणाचा खरा साठा कापसात नसून बांधावर असतो : गाजरगवत, पेटारी, रानभेंडी. कापूस निघाल्यावर तो तिथे उन्हाळा काढतो. हे तण फुलण्याआधी उपटायला हवं, पण शेतातला कापूस उभा असताना लागण झालेलं गाजरगवत एकदम कापून टाकू नका. खाणं सुकलं की सगळी पिल्लं शेजारच्या हिरव्याकडे, म्हणजे तुमच्या कापसाकडे चालू लागतात. आधी पाहा, लागलेलं असेल तर पिशवीत भरून काढा.

या किडीची एक हकिगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा पिठ्या ढेकूण बाहेरून आलेला. २००६ नंतरच्या दोन-तीन हंगामांत त्याने देशातल्या कापसाला चांगलंच छळलं, कारण इथे त्याला ओळखणारा शत्रूच नव्हता. मग एनासियस नावाची जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी त्याच्यावर दिसू लागली, आणि पुढे तो आपोआप आटोक्यात येत गेला. तुमच्या शेतात पांढऱ्या पिठूळ ढेकणांत काही लालसर-तपकिरी, कडक, पिंपासारखे फुगलेले दिसतील. तीच तिची खूण. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचंही असंच : २००८ मध्ये तो कोइम्बतूरला सापडला, २०१० मध्ये त्याची परोपजीवी माशी पोर्तो रिकोहून मागवून बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने वाढवून सोडली आणि पपईच्या बागा सावरल्या. शहादा, तळोद्याकडे पपई करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. पपईवर दर आठवड्याला विष फवारणाऱ्या बागेत ही माशी टिकत नाही.

बांधापलीकडचा हरण्या

आता केळी. इथे बहुतेक जण चुकतात, कारण शब्द एकच आहे, मावा. पण नातं अगदी वेगळं आहे.

हरण्या होतो तो काकडीवर्गीय पिकांवरच्या मोझॅक विषाणूमुळे. पानावर पिवळट, तुटक पट्टे येतात, पान जाड आणि आखूड होतं, जोर झाला तर पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो. हा विषाणू आणतो तो कापसावरचा, काकडीवरचा मावा. पण हा मावा केळीवर राहत नाही. केळी त्याचं खाणंच नाही. पंख असलेला मावा उडत येतो, पानावर उतरतो, सोंड टोचून चव घेतो, आवडलं नाही की उठतो आणि पुढच्या पानावर जातो. त्या एका टोचणीला काही सेकंद लागतात, आणि विषाणू जायला तेवढा वेळ पुरतो. कीटकनाशक त्याला मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. उलट, अर्धमेला झालेला मावा अस्वस्थ होऊन जास्त पानांवर टोचत फिरू शकतो. म्हणून ‘केळीत मावा दिसत नाही, मग हरण्या कुठून आला’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण दिसत नाही हीच त्याची रीत आहे.

केळीवर कायम राहणारा दुसरा, तपकिरी-काळा मावा असतो. तो देठाच्या बेचक्यात, पोंग्यात वसाहत करतो आणि पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरवतो. त्याला बराच वेळ रस प्यावा लागतो आणि विषाणू त्याच्या अंगात बरेच दिवस राहतो. त्यामुळे तिथे माव्याचं नियंत्रण उपयोगी पडतं. एकाच नावाचे दोन किडे, दोन नाती, दोन उपाय.

मग हरण्यात करायचं काय? विषाणूचा साठा तोडायचा. तो असतो काकडी, भोपळा, कारली, गिलके, दोडके, मिरची, टोमॅटो या पिकांत आणि केन्यासारख्या तणांत. मृगबागेत लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन महिने सगळ्यात नाजूक, कारण रोपं कोवळी, हवा ढगाळ आणि गार, पावसाची झड लागलेली, आणि नेमका याच वेळी सगळीकडे मावा उडत असतो. या काळात बागेत वा बांधाला यांतलं कुठलंही पीक नको. दर चार-पाच दिवसांनी ओळ न् ओळ फिरा. लक्षण दिसलेलं रोप मुळासकट उपटा आणि खड्ड्यात पुरा. बांधावर फेकलं तर ते सुकेपर्यंत साठाच राहतं. लागलेल्या रोपाची पानं कापलेल्या विळ्याने लगेच निरोगी रोपाला हात घालू नका. उतीसंवर्धित रोपं घेताना पट्टे असलेलं एकही रोप ट्रेमध्ये दिसलं तर ती खेप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक उपाय, ज्याचं कारण समजलं तर तो पटतो. बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी, केळीच्या आधी तीन-चार आठवडे पेरलेल्या. उडत येणारा मावा आधी उंच हिरव्या भिंतीवर उतरतो, तिथे दोन-चार वेळा टोचतो आणि सोंडेच्या टोकाला चिकटलेला विषाणू तिथेच पुसला जातो. हा विषाणू सोंडेवर फार काळ टिकत नाही, म्हणूनच ही युक्ती चालते. केळीवरच्या माव्याचा विषाणू अंगात मुरलेला असतो, तिथे ती चालणार नाही.

आता तुमच्या दोन शेतांमधला पेच. कापसाभोवती चवळीच्या एक-दोन ओळी लावा, असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. कापसासाठी तो चांगला आहे. चवळीवरचा काळा मावा सहसा कापसावर वस्ती करत नाही, पण ढालकिड्याला तो चालतो. म्हणजे कापसावर मावा येण्याआधीच बांधावर ढालकिड्यांची फौज तयार होते. पण चवळीवरचा हाच मावा हरण्याचा विषाणू वाहून नेऊ शकतो, आणि चवळीलाही हा विषाणू लागतो. तेव्हा केळीकडच्या बांधाला चवळी नको. तिकडे मका-ज्वारी लावा. चवळी उरलेल्या तीन बाजूंना. खानदेशात कापूस आणि केळी इतके खेटून असतात की एका पिकाची शिफारस दुसऱ्या पिकाच्या बांधावर तपासूनच घ्यावी लागते.

मिश्रपीक म्हणून मूग-उडीद कापसाच्या ओळींत घेता, ते चांगलंच आहे. पस्तीस-चाळीस दिवसांचं एखादं झाड मातीसकट खणून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. पांढरी वा हिरवट असेल तर त्या गाठीचं काम चालू नाही. जमिनीत युरिया भरपूर असला तर झाड जिवाणूंना पोसायचं सोडून देतं. आणि त्याच युरियाने कापूस लुसलुशीत होतो, रसात अमिनो आम्लं वाढतात, मावा-तुडतुड्यांची पिल्लं अधिक होतात. युरिया तीन-चार हप्त्यांत विभागून द्या.

बोंडअळीबद्दल, विचारलं नसलं तरी

पुढचा महिना तिचाच आहे म्हणून लिहितो. गुलाबी बोंडअळीवर ढालकिडा, कोळी फारसे उपयोगी नाहीत, कारण अंड्यातून निघताच अळी काही तासांत बोंडात शिरते. तिला गाठायचं तर अंड्यातच. ते काम ट्रायकोग्रामा गटातली अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी करते. तिची कार्डं लावायची तर एकरी ६०,००० माश्यांच्या हिशोबाने, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचून. दुपारी लावलेली कार्डं तापतात, मुंग्याही खातात. कार्डं लावण्याआधी आणि नंतर आठवडाभर विषारी फवारणी केली तर पैसे पाण्यात.

लक्ष ठेवायला एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले, किंवा शंभर फुलांत-बोंडांत १० लागलेली निघाली, तर उपाय करा. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी. ती तोडून आत पाहिलीत तर अळी सापडते. हिरवी बोंडं मात्र फोडूनच पाहावी लागतात, बाहेरून काही कळत नाही.

अळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. गुलाबी अळी दोन्हींना पुरून उरली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा तडाखा पाहिला. हेही नात्यांचंच गणित आहे. बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा १२० ग्रॅम बिगरबीटी बी वेगळं यायचं, ते बहुतेकांनी बांधावर फेकलं. ते बी यासाठी होतं की त्यावर साध्या अळ्या वाढाव्यात आणि बीटीला दाद न देणाऱ्या एखाद-दुसऱ्या पतंगाशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ व्हावी. साध्या अळ्या उरल्या नाहीत, तेव्हा वाचलेल्यांचा संकर वाचलेल्यांशीच झाला.

गुलाबी अळीची एक मोठी दुबळी बाजू आहे : कापूस आणि भेंडीसारखी त्याच कुळातली थोडी झाडं सोडली तर तिला खायला काही नाही. डिसेंबरअखेर कापूस मोडला, फरदड (वेचणीनंतरही पुढे राखलेलं पीक) ठेवली नाही आणि पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) रचून न ठेवता श्रेडरने बारीक केली किंवा कंपोस्टात घातली, तर सरकीत आणि वाळक्या बोंडांत झोपलेल्या अळ्या उपाशी राहतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास खोल नांगरट झाली की ट्रॅक्टरमागे चालणारे गायबगळे आणि मैना वर आलेले कोष, अळ्या वेचतात. मे-जूनमध्ये जे पतंग निघतात त्यांना अंडी घालायला पातं (कापसाची कळी) किंवा फूल सापडलं नाही तर ते तसेच मरतात. आपल्याकडे ठिबकवर मे महिन्यात लावलेला पूर्वहंगामी कापूस जून-जुलैमध्ये पात्या-फुलांवर येतो आणि या पतंगांना आयता पूल मिळतो. जूनच्या कोरडवाहू कापसापर्यंत ते त्यावरूनच पोचतात. २०२२ च्या हंगामात राज्यात शेतकऱ्यांना कापसाचं बियाणं १ जूनपासून विकायचं ठरलं, ते याचसाठी. एकट्याने पाळून त्याचा फायदा थोडा. पतंग गावाच्या शिवारभर उडतो, म्हणून हे शिवाराने मिळून करायचं काम आहे.

या आठवड्यात

उद्या सकाळी वर सांगितल्याप्रमाणे मोजा. पिठ्या ढेकणाची झाडं पिशवीने काढा. मावा मर्यादेच्या वर आणि वाढता असेल, शिकारी नसतील, तर पहिला पर्याय ५ टक्के निंबोळी अर्क : एकरी २०० लिटर पाण्याला १० किलो निंबोळी पावडर, आदल्या रात्री २० लिटर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्याने दोनदा गाळून, त्यात ४०० ग्रॅम साबणाचं पाणी मिसळून. निंबोळी वर्षाच्या आतली हवी; बुरशी चढलेली नको. उन्हाने अर्काचा जोर लवकर उतरतो, म्हणून संध्याकाळी फवारा, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. यानं मावा लगेच मरून पडत नाही. त्याचं खाणं आणि कात टाकणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून त्यावर विष मारू नका, पाचव्या दिवशी मोजा.

हवा दमट असेल, सकाळी पानांवर दव राहत असेल, तर लेकॅनिसिलियम ही किडींना मारणारी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम, हाही चांगला पर्याय आहे. कोरड्या वाऱ्यात ती चालत नाही, आणि बुरशीनाशकात मिसळली तर ती स्वतःच मरते.

तरीही कल वरच राहिला, तर एकच औषध, एकटं : फ्लोनिकामिड ५० टक्के, एकरी ६० ग्रॅम. रस शोषणाऱ्या किडींचं खाणं ते थांबवतं आणि ढालकिडे, कोळी यांना इतर अनेक औषधांपेक्षा बरंच सौम्य आहे. सगळ्या चार एकरांवर नको; ज्या पट्ट्यात मोजणी वर आली तेवढ्यावरच. न फवारलेल्या पट्ट्यातून शिकारी आठवड्याभरात परत येतात.

पुढच्या वर्षीसाठी : बियाण्यावर आधीच कीटकनाशकाचा लेप असतो, तो महिनाभर तरी रसशोषक किडींना अडवतो. त्यामुळे पेरणीनंतर पहिले ६० दिवस जहाल फवारणी शक्यतो टाळा. ढालकिडे आणि क्रायसोपा शेतात पाय रोवतात ते याच काळात. पोळ्याला मावा येईल तेव्हा ते आधीपासून तिथे असतील.

चुलतभावाला सांगा, केळीच्या ओळींतला केना आजच काढा आणि बांधावर गिलक्याचा वेल असेल तर तोही.